हत्ती तापेपर्यंत

वहिनीचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या ऑर्गनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. फोन कान आणि खांदा यांच्यात कसाबसा धरला. "हत्ती देऊन टाकते भाऊजी," ती म्हणाली. "स्टुडिओवाल्याला हो सांगितलंय. उद्या दुपारी टेम्पो घेऊन येतोय तो." एवढं बोलून तिनं फोन ठेवला असता तर मी 'बरं केलंस' म्हणालो असतो आणि पुन्हा ऑर्गनमध्ये शिरलो असतो, कारण हत्ती दे आणि पाटी ठेव असं तिच्या कानीकपाळी मीच ओरडत होतो. ती राहायला जातेय त्या नव्या घरात एकाच यंत्रापुरती भिंत आहे. हत्ती जड, हत्ती नाजूक, हत्तीला सांभाळणारा माणूस म्हणजे मी, आणि मी काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही. हे सगळं तिला पटलंय असं मी धरून चाललो होतो. पण ती पुढे म्हणाली, "नाहीतरी तुम्ही दुरुस्त करून आणल्यापासून त्याच्यात हे नाहीत." अगदी साधेपणानं म्हणाली, घरातलं दूध संपलंय असं सांगावं तसं. मग दारावर कुणीतरी आलं म्हणून तिनं फोन ठेवला. माझा हात ऑर्गनमध्येच होता. तो बाहेर काढायचं बराच वेळ माझ्या लक्षातच आलं नाही.

'हे' म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. त्याला जाऊन वर्ष होत आलं. तो सिंथेसायझर वाजवायचा आणि मी सिंथेसायझर दुरुस्त करायचो. आम्हा दोघांचं आयुष्य एवढ्यात आटोपतं. त्याच्याकडे दोन यंत्रं होती, दोन्ही जुनी, आमच्या उमेदीच्या काळातली. हत्ती आणि पाटी ही नावं पुतणीनं ठेवलेली, ती बोबडं बोलायची तेव्हा. हत्तीला दोन्ही अंगांना जाड लाकूड आहे, तो उचलायला दोन माणसं लागतात आणि तिसरं माणूस 'सांभाळून, सांभाळून' म्हणायला. पाटी सपाट, पातळ, काखेत मारून नेता येते. हत्तीच्या पोटात आठ गळे आहेत. हा दादाचा शब्द. माझ्या धंद्यात आम्ही त्यांना व्हॉइस म्हणतो, पण दादानं एकदा गळे म्हटलं आणि मग मलाही दुसरं काही म्हणवेना. एक पट्टी दाबली की एक गळा गातो, दुसरी दाबली की दुसरा, आणि आठ पट्ट्या एकदम दाबल्या तर आठही. पाळीपाळीनं गातात. प्रत्येक गळ्याचा स्वतंत्र बोर्ड, त्यावरचे सुटे भाग स्वतंत्र, त्यामुळे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कुणी किंचित बसका, कुणी उतावळा, एक जरा उशिरा उघडणारा. या आठ जणांना एका सुरात बसवणं हे माझं काम. पाटीत गळे सहाच, पण त्यांना ताल धरून देणारं एकच घड्याळ आतमध्ये आहे, त्यामुळे ते बेसूर होऊच शकत नाहीत. पाटीला सूर लावावा लागत नाही. ती सुरातच जन्माला आली.

आमची भांडणं यावरूनच व्हायची. बाकी भावाभावांत भांडायला जमीनजुमला असतो, आमच्यात हे होतं. मी पाटीचा. ती पहिल्या क्षणापासून सुरात, तिच्यावर कोरसचं एक बटण आहे, ते दाबलं की एक गळा दुहेरी होतो आणि अख्खा आवाज हळू डुलायला लागतो. मागे बारीक फुसफुस येते, पण ती कोण ऐकतंय. साबणाच्या जाहिराती, बिस्किटाच्या जाहिराती, दादानं सगळ्या पाटीवरच वाजवल्या. तिच्या पट्ट्या हलक्या, उथळ, वाजवताना खटखट करतात. बोट चुकायला सोपं आणि चूक झाकायलाही सोपं. हत्तीच्या पट्ट्या जड. बोट खाली जातं, खाली जातं आणि तळाशी कुठेतरी मऊ टेकतं. हत्तीवर घाई चालत नाही. दादा हत्तीवर कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वरांचा मेळ, दाबायचा तेव्हा बोटं एकदम पडायची नाहीत, एकामागून एक उतरायची, पाण्यात पाय टाकताना उतरतात तशी. मी म्हणायचो, दादा, आवाज छान आहे, पण तो येईपर्यंत माणूस म्हातारा होतो. तो म्हणायचा, तू होतास म्हातारा, मी नाही. मग एकदा, कशावरून ते आठवत नाही, आम्ही दोघंही चिडलेले होतो, त्यानं हत्तीवरचा हात उचलला आणि म्हणाला, "तुला हत्तीचा आवाजच माहीत नाही." मी हसलो. त्याचे आठही गळे मी माझ्या हातानं किती वेळा उघडून बसवलेत याचा मला हिशेब नव्हता, आणि हा मला सांगतो आवाज माहीत नाही. तो पुढे म्हणाला, "कधी सकाळी येत जा रे घरी." मला वाटलं विषय बदलतोय. सकाळी मला दुकान उघडायचं असतं, हे त्याला माहीत होतं.

त्याचं ते वाक्य मनातून गेलं नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही. ते मोठं भांडण नव्हतं, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही विसरल्यासारखे वागलो. पण पुढे कुणाचंही यंत्र माझ्या टेबलावर आलं की सूर लावून झाल्यावर मी एक कॉर्ड दाबून थोडा वेळ नुसता ऐकत बसायचो, आणि ऐकताना मनात यायचं की याचा आवाज तरी मला माहीत आहे का. तसं यायला नको होतं. मी या कामात चांगला आहे. लोक लांबून येतात. माझा एक नियम आहे, तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे: तापल्याशिवाय हात लावायचा नाही. ही जुनी यंत्रं चालू केल्याबरोबर सुरात नसतात. आतले भाग गार असतात, गळे इकडेतिकडे भटकत असतात, आणि हळूहळू ऊब धरली की आपापल्या जागी येतात. गार यंत्रावर सूर लावणं म्हणजे झोपेतल्या माणसाचं माप घेणं. मी सकाळी शटर वर केलं की आधी टेबलावरची सगळी यंत्रं चालू करतो, मग झाडलोट, मग कोपऱ्यावर जाऊन चहा, मग काम. दादाच्या कार्यक्रमांनासुद्धा मी आधी जाऊन हत्ती चालू करून ठेवायचो. तो येऊन बसायचा तेव्हा हत्ती गरम, सुरात, तयार. माझ्या हातून तापलेला हत्ती त्याला मिळाला नाही असं कधी झालं नाही.

दादा गेला तेव्हा मला रडू आलं नाही. लोक येत होते, मी खुर्च्या मांडत होतो. मग सगळं आटोपल्यावर एके दिवशी वहिनीकडे गेलो आणि पाहिलं तर हत्तीच्या दोन पट्ट्या बसलेल्या, नॉब फिरवला की खरखर, पाचवा गळा मनाला येईल तेव्हा गप्प. दादा आजारी असताना मी इकडे पाहिलंच नव्हतं. मी हत्ती दुकानात नेला आणि बाकीची सगळी कामं बाजूला ठेवली. वाळलेले भाग बदलले, प्रत्येक पट्टीखालचा विजेचा काँटॅक्ट पुसला, लाकडाला तेल लावलं. पाचव्या गळ्याच्या बोर्डावरचा डाखाचा एक टाका सुटला होता, तो दिसेपर्यंत डोळ्यांना पाणी आलं. तेवढंच पाणी आलं माझ्या डोळ्यांना त्या दिवसांत. मग सगळे गळे एकेक करून सुरात लावले, इतके स्वच्छ की मला स्वतःचं कौतुक वाटलं. आणि वरच्या कडेला, कुणाच्याही नजरेत येईल असं, माझ्या सुवाच्य अक्षरात लेबल चिकटवलं: 'चालू केल्यावर यंत्र पूर्ण तापेपर्यंत पट्ट्यांना हात लावू नये.' मला वाटलं, दादासाठी करण्यासारखं आता एवढंच राहिलं होतं आणि ते मी केलं. आणि वहिनी म्हणते, त्याच्यात हे नाहीत.

मी ऑर्गन तसाच उघडा टाकला, दुकानाला कुलूप घातलं आणि पेचकसांची पिशवी घेऊन बस पकडली. बसमध्ये खिडकीशी बसलो आणि डोक्यात एकेक भाग पुन्हा बदलू लागलो. कुठला बदलायला नको होता? जुने भाग काढून नवे घातले की आवाजाचा रंग थोडा बदलतो असं म्हणणारे लोक आहेत. मी त्यांना हसतो. पण वहिनी तसल्या लोकांतली नाही. तिनं आयुष्यभर इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं. नजर तिची सुईसारखी, पण कानांचं नाव काढलं की तीच हात जोडायची. दादाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून ती विणकाम करायची. एकदा दादानं मुद्दाम एक अख्खी ओळ चुकीची वाजवली, तिच्याकडे बघत. ती मान वर न करता म्हणाली होती, छान. या बाईला हत्तीतला फरक कळावा आणि मला कळू नये? रस्त्यावर ऊन होतं, दुकानांवरचे कापडी छज्जे उघडलेले होते, सिग्नलला बस थांबली की इंजिनाचा सूर खाली यायचा आणि मी सवयीनं तो कुठला सूर आहे ते ओळखत होतो. ओळखता येत होता. मग बरं वाटायचं.

घरात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. पडदे काढल्यामुळे खोली आधीपेक्षा मोठी आणि बोलणं मोठ्यानं वाटत होतं. खिडकीखालच्या भिंतीला हत्ती, त्याच्यासमोर घडीच्या स्टँडवर पाटी, मधे दादाचं गोल स्टूल. "आलातच का लगेच," वहिनी म्हणाली. "मी काय तक्रार केली नव्हती हो. दुरुस्त झालंय ते उत्तमच झालंय." मी म्हटलं, "उत्तम झालंय तर मग नाही काय त्याच्यात?" ती पेल्यांना कागद गुंडाळत होती. "आता ते कसं सांगू? मला का सुरातलं कळतं? आवाज चांगला आहे. पण पाहुण्यासारखा आहे." मी पिशवी उघडली, दोन्ही यंत्रं चालू केली आणि दोघंही चहा पीत बसलो. तापेपर्यंत थांबायचं होतं. ती म्हणाली, "आणि एक सांगते, हसू नका. मला यांनी एक कॉर्ड शिकवला होता. तीन बोटांचा. म्हणायचे, एवढं आलं की निम्मं संगीत आलं, उरलेलं निम्मं मी बघतो." तिनं टेबलाच्या कडेवर तीन बोटं टेकवून दाखवली, अंतर बरोबर होतं. "हे गेल्यावर मी रोज चहाचं आधण ठेवलं की जाऊन दाबायची. तेवढंच. नुसतं एवढं दाबलं तरी वाटायचं आहेत घरात. मग तुमचं ते लेबल आलं. तेव्हापासून शहाण्यासारखी थांबते, आंघोळ, केर, सगळं उरकते, मगच हात लावते." मी मान डोलावली. ती नियम पाळते हे ऐकून मला बरंच वाटलं.

मग मी दादाच्या स्टुलावर बसलो. मी वाजवणारा नाही, पण यंत्र बरोबर आहे की नाही ते कळण्याइतकं मला वाजवता येतं. आधी पाटी. तीच तीन बोटं. आवाज लगेच आला, भरलेला, डुलणारा, जाहिरातीतल्या सकाळीसारखा. "ही गोड आहे," वहिनी म्हणाली. "ही कधीच कुणाची नव्हती. ठेवा असं म्हणालात ना, ठेवते." मग हत्ती. बोटं एकेक करून उतरवली, दादासारखी. जाड, रुंद, तळापासून येणारा आवाज खोलीभर झाला, पाटीनं फक्त वरवर रंगवलेल्या जागा यानं आतून भरल्या. मी फिल्टरचा नॉब हळू फिरवला, आवाज उजळत गेला. पुन्हा पुन्हा दाबून सगळ्यांची पाळी आणली: कुठेही खर नाही, कुठेही थरथर नाही, आठही गळे एका रेघेत. माझ्या मते याच्यापेक्षा चांगला हत्ती कधी वाजलाच नव्हता. मी वहिनीकडे पाहिलं. ती कागदाचा बोळा हातात धरून भिंतीकडे बघत होती. "नाही," ती म्हणाली. "म्हणजे आहे छान. पण नाही."

एखादं अवघड यंत्र समोर आलं की माझं डोकं शांत होतं, तसंच झालं. मी हत्तीचं झाकण वर केलं. प्रत्येक गळ्याच्या बोर्डावर एक इवलासा पेच असतो, तो फिरवला की त्या गळ्याचा सूर वरखाली होतो. मला वाटलं, पाचवा गळा. तो आधीही कुरकुरायचा, दादा म्हणायचा राहू दे, मी सांभाळून घेतो. कदाचित त्याच्या सांभाळून घेण्यातच तिचे 'हे' असतील. मी पेचकस लावला आणि पाचव्या गळ्याला केसभर खाली आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चांगलं बसलेलं यंत्र जाणूनबुजून बिघडवत होतो, आणि हाताला ते पटत नव्हतं; पेचकस आपोआप उलट फिरायला बघत होता. पाचव्याची पाळी येईपर्यंत कॉर्ड दाबत राहिलो. "असं?" वहिनीनं मान हलवली. आणखी खाली. "असं?" ती म्हणाली, "अहो हे बेसूर आहे." मी म्हटलं, "बेसूरच तर करतोय." ती जवळ आली, माझ्या खांद्यावरून आत वाकून बघायला लागली. "पण ते बेसूर नव्हतं. ते..." तिनं हात हवेत थोडा हलवला, स्थिर केला, पुन्हा हलवला. "ते लागत असायचं." मी दुसरा गळा हलवला, सातवा हलवला. जे काही केलं ते तिला लगेच कळत होतं, इतकं बारीक की मी चकित झालो, पण प्रत्येक वेळी उत्तर नाही. शेवटी ती म्हणाली, "पुरे आता." मी सगळे गळे पुन्हा सुरात लावले, एकेक करून, नीट, आणि झाकण बसवलं. उद्या दुसऱ्याच्या घरी जाणारं यंत्र बेसूर पाठवायचं नाही, एवढी तरी लाज मला आहे.

"वाईट वाटून घेऊ नका भाऊजी," ती मला दारापर्यंत पोहोचवायला आली तेव्हा म्हणाली. "वस्तूतून माणूस जाणारच कधीतरी. तुम्ही दुरुस्त केलं म्हणून नाही गेले." पण गेले ते माझ्या दुरुस्तीनंतरच. घरी जेवताना बायको काहीतरी सांगत होती, मी हं हं म्हणत होतो. डोक्यात एकच चाललं होतं, तुला हत्तीचा आवाजच माहीत नाही. म्हणजे दादाला माहीत होता आणि वहिनीला माहीत आहे. ज्या बाईला सगळी गाणी सारखीच वाटतात तिला माहीत आहे, आणि मी, ज्यानं त्याच्या पोटातला प्रत्येक तुकडा हाताळलाय, तो त्या घरात पाहुणा. मला दादाचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा कुणावर काढायचा कळत नाही. सांगायचं होतंस ना मग, मी मनात म्हणालो, नीट बसवून सांगायचं होतंस, काय आहे तो आवाज. सांगितलं असतंस तर मी दुरुस्त करताना तेवढा सोडून दिला असता. अंथरुणावर पडल्यावर मी हत्तीचे आवाज आठवत राहिलो. कार्यक्रमातले, ध्वनिमुद्रणातले, संध्याकाळी त्याच्याकडे गेलो की चालू असायचे ते. सगळे आठवले. सगळ्या आवाजांत हत्ती तापलेला होता, आणि मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

सकाळी दुकानाकडे निघालो आणि वळणावर उलट्या बाजूची बस पकडली. हत्ती खाली उतरवताना मी हजर हवा, हमालांचा भरवसा नाही, असं स्वतःला सांगितलं. टेम्पो दुपारी येणार होता हे मला माहीत होतं. एवढ्या सकाळी मी त्या इमारतीत कधी आलोच नव्हतो. जिन्यात अजून गारवा होता, कुणाच्या तरी दाराशी दुधाची पिशवी, खालच्या मजल्यावरून नळाचा आवाज. कठड्याला धरून मी अर्धा जिना चढलो आणि वरून कॉर्ड ऐकू आला.

दादा वाजवतोय. असंच वाटलं मला, त्यात 'जणू' वगैरे काही नव्हतं. पाय तिथंच थांबला. तीन स्वर एकामागून एक उतरले, पण उतरून जागेवर बसले नाहीत. एक खालून वर येत होता, एक वरून खाली, तिसरा दोघांची वाट बघत किंचित डोलत होता, आणि तिघंही एकमेकांच्या जवळ येत होते, अजून आले नव्हते. नुकत्याच उठलेल्या घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, तसा तो आवाज होता. त्यात काही चुकलेलं नव्हतं. ते लागत होतं. कॉर्ड थांबला, थोड्या वेळानं पुन्हा आला, आणि या वेळी स्वर आधीपेक्षा जरा जवळ होते. माझ्या कानाला, या कामात मुरलेल्या कानाला, कळलं ते एवढंच, की हत्ती गार आहे. तापतोय. हा आवाज माझ्या हाताशी नव्हता असं नाही. रोज दुकान उघडलं की सात-आठ यंत्रं अशीच गार असायची, पट्टी दाबली असती तर असंच काहीतरी गायली असती, आणि तेवढ्यात मी चहा प्यायला कोपऱ्यावर गेलेलो असायचो. हा आवाज ऐकायचा नसतो म्हणून मी आयुष्यभर त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. आणि दादा रोज उठल्या उठल्या, वहिनी कामाला जायच्या गडबडीत असताना, हत्ती चालू करून लगेच हात टाकायचा. नियम त्याला माहीत होता. तो नियम त्यानं माझ्यापुरता ठेवला होता. कधी सकाळी येत जा रे घरी. त्याहून नीट आणखी कसं सांगायचं त्यानं?

उरलेला जिना मी कसा चढलो मला माहीत नाही, या गुडघ्यांनी मी असा चढत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी स्टुलावर बसली होती, पाठमोरी, केस अजून विंचरलेले नव्हते, स्वयंपाकघरात आधण उकळत होतं. माझी चाहूल लागली तशी तिनं पट्ट्यांवरून हात झटकन उचलला. "लेबल वाचलंय मी," ती घाईनं म्हणाली. "पण आज जायचाच आहे तो, म्हटलं एकदा आंघोळीच्या आधीच..." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "भाऊजी, तुम्ही काय केलंत काल? ते आलेत." मी म्हणालो, "मी काही केलं नाही. दाब, वहिनी, दाब लवकर, थांबू नकोस." "पण लेबल..." "लेबल गेलं खड्ड्यात." मी ते नखानं खरवडायला लागलो. चांगला गोंद वापरला होता मी, तुकड्यातुकड्यानं निघत होतं. तिनं तीन बोटं ठेवली. आम्ही दोघंही ऐकत होतो.

आणि मग ते जायला लागलं. पुन्हा दाबलं तेव्हा खालचा स्वर जवळजवळ वर आला होता. पुन्हा दाबलं तेव्हा वरचा स्थिरावला होता. हत्ती ऊब धरत होता, गळे एकेक करून आपापल्या जागी येत होते, मी बसवलेल्या जागी. ज्या क्षणाची वाट बघण्यात माझी सगळी उमर गेली तो क्षण समोर येत होता आणि मला तो नको होता. मला वाईट वाटत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कुठलाही सुटलेला टाका शोधताना आलेलं नव्हतं. वहिनीनं आणखी एकदा दाबलं. तीनही स्वर सरळ, स्वच्छ, एका रेघेत. फार सुंदर काम होतं माझं. "गेले," ती हळूच म्हणाली. मी हात लांब करून हत्ती बंद केला. खोलीत नुसतं आधण उकळल्याचा आवाज राहिला.

"गार होऊ दे," मी म्हणालो. तिला कळायला वेळ लागला नाही. तिनं लेबलाच्या उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसली, आणि पदरानं डोळे पुसले. "म्हणजे मी शहाण्यासारखी थांबत बसले म्हणून," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी शहाण्यासारखं लिहून ठेवलं म्हणून." ती उठून गॅस बंद करून आली. "आणि स्टुडिओवाला? टेम्पो घेऊन येतोय तो." "पाटी देऊ त्याला. ती कुणाकडेही, कधीही सुरात वाजते, त्याचं काही अडणार नाही. त्याच्याशी मी बोलतो. भिंतीचं माप मी घेतो. हत्तीला तुझ्या त्या घरात बसवतो, बाहेर स्वयंपाकाचा ओटा ठेवावा लागला तरी." तिनं दोन कप मांडले, चहा गाळला, एक माझ्यापुढे सरकवला आणि हत्तीच्या लाकडावर हात ठेवून उभी राहिली. लाकूड कोमट असणार. "किती वेळ लागतो हो याला पूर्ण गार व्हायला?" तिनं विचारलं. हत्ती तापायला किती वेळ लागतो ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गार व्हायला किती लागतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "उद्या सकाळी येतो."